रडार डिटेक्टरचं पक्कं वायरिंग: कॅमरी एलई, प्रकल्प नोंदी

गाडी: टोयोटा कॅमरी एलई, २०१५, फिरवायच्या चावीची. ठिकाण: एडिसन, न्यू जर्सी. डिटेक्टर (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडार-लेझरचा इशारा देणारं उपकरण): जीपीएसवाला, एका अँटेनाचा, आरजे-११ (टेलिफोनच्या वायरीसारख्या) जॅकवर चालणारा.

शनिवार, ४ मे २०२४

सध्याची स्थिती: लायटरच्या सॉकेटमधून निघालेली स्प्रिंगसारखी वायर डॅशबोर्डवरून आरशापर्यंत लोंबते. सॉकेट अडकतं, काचेत वायरचं प्रतिबिंब दिसतं, आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीत ती वायर म्हणजे ‘आत काहीतरी आहे’ अशी पाटीच.

कामाच्या चार अटी. वायर दिसता कामा नये. चावी काढली की डिटेक्टर बंद. कंपनीची एकही वायर कापायची किंवा सोलायची नाही. आणि डिटेक्टर मिनिटभरात सुटून डिक्कीत गेला पाहिजे.

चौथी अट लोक विसरतात. न्यू जर्सीत खासगी गाडीत डिटेक्टर चालतो. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये चालत नाही. राज्याराज्यांत धावणाऱ्या १०,००० पौंडांवरच्या व्यापारी वाहनांत तर देशभर बंदी आहे. व्हर्जिनियाच्या कायद्यात एक फट आहे: उपकरणाला वीज पोचत नसेल आणि ते चालकाच्या किंवा प्रवाशाच्या सहज हाती येण्याजोगं नसेल, तर गुन्हा धरत नाहीत. म्हणजे नुसता बटणाने बंद करून आरशाखाली लटकत ठेवलेला चालणार नाही. प्लग काढून डिक्कीत ठेवायचा. कॅनडातल्या ऑन्टारियोत तेवढीही सवलत नाही, तिथे गाडीत असणंच गुन्हा. भारतातून आलेल्या आईवडिलांना नायगारा दाखवायला नेताना रेनबो ब्रिजवरून पलीकडे जायचं असेल, तर डिटेक्टर घरीच राहिला पाहिजे. त्यामुळे वायर गाडीची आणि डिटेक्टर पाहुणा, अशीच मांडणी करायची.

वीज कुठून घ्यायची, यावर विचार:

आरसा. सगळ्यांत सोपा मार्ग, पण आपोआप काळोखणारा आरसा असेल तरच. त्याच्या मागच्या कनेक्टरमध्ये चावीवर चालू-बंद होणारे १२ व्होल्ट आणि अर्थ (वीज बॅटरीच्या उणेकडे परत जायची वाट), दोन्ही हाताशी मिळतात. वीतभर वायरीत काम संपतं. एलई मॉडेलचा आरसा हाताने खटका दाबायचा, त्याला वायरच नाही. मार्ग बंद.

छतातला दिवा. तिथे वीज आहे, पण बहुतेक गाड्यांत ती कायम जिवंत असते. डिटेक्टर रात्रभर चालू राहणार, बॅटरी बसणार. नको.

लायटर सॉकेटच्या पाठीमागे जोड. चालेल, पण त्यासाठी मधला कन्सोल उघडावा लागतो आणि कंपनीच्या वायरीला चिमटा लावावा लागतो. ‘स्कॉचलॉक’ म्हणून मिळणारे ते निळे-लाल चिमटे तांब्याच्या काही तारा तोडतात आणि दोनतीन हिवाळ्यांत सैल होतात. तिसरी अट मोडते.

उरला चालकाच्या डाव्या गुडघ्यापाशी असलेला फ्यूज बॉक्स. वायर लांब पडते, पण जोड उलटवता येतो: टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून जादा वायर काढून देणारा जोड) काढला, जुना फ्यूज बसवला, की गाडी पूर्ववत. हेच ठरलं.

रविवार, ५ मे

आज फक्त मोजमाप. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरची यादी वाचून फ्यूज निवडू नये. यादी नाव सांगते, वीज कधी येते-जाते ते सांगत नाही.

पद्धत: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब उघड्या धातूच्या बोल्टवर, लाल प्रोब फ्यूजच्या डोक्यावर असलेल्या दोन चमकत्या ठिपक्यांवर आळीपाळीने. प्रत्येक फ्यूजसाठी चार वाचनं घ्यायची: चावी काढलेली, एसीसी (इंजिनाविना रेडिओ वगैरे चालतो ती जागा), ऑन, आणि स्टार्टर फिरत असताना. चौथ्या वाचनासाठी चावी फिरवायला दुसरा माणूस हवा.

पॉवर आउटलेटचा १५ अँपिअरचा फ्यूज: ०, १२.४, १२.३, आणि स्टार्टरला ०. इंजिन चालू झाल्यावर १४.२.
वायपरचा: ०, ०, १२.३, ०.
दाराच्या कुलपाचा: चारही वेळा जिवंत, स्टार्टरला फक्त खाली दबतो. म्हणजे कायम वीज, उपयोगाचा नाही.

आउटलेट निवडला. स्टार्टर फिरताना एसीसीची वीज जाते, त्यामुळे एसीसीवर थोडं थांबून मग इंजिन चालू केलं तर डिटेक्टर दोनदा सुरू होईल, दोनदा बोलेल. हा दोष नव्हे. ज्याला हे खटकतं त्याने वायपरचा घ्यावा. तिथे ऑनपर्यंत वीजच नसते.

एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल, पॉवर स्टीअरिंग, इंधन पंप यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही. टॅप सैल झाला तर रेडिओ बंद पडणं निराळं आणि टर्नपाइकवर (महामार्गावर) ब्रेकचं एबीएस बंद पडणं निराळं.

आउटलेटचा फ्यूज बाहेर काढून, चावी ऑन ठेवून, खाचेतले दोन्ही पत्रे तपासले. वरच्यावर १२.३, खालच्यावर ०. वरचा पत्रा विजेकडचा. हे आजच लिहून ठेवायचं, टॅप बसवताना याच माहितीवर सगळं उभं आहे.

फ्यूजचा आकार: लो-प्रोफाइल मिनी. मिनीसारखाच रुंद, पण बुटका. इथे बरेच जण फसतात. साध्या मिनीचा टॅप खाचेत शिरतो, पण पाय लांब असल्यामुळे तळाला टेकून वरच उभा राहतो; झाकण लागत नाही आणि खड्ड्यावर हलतो. शिवाय त्या टॅपमध्ये गाडीचा बुटका फ्यूज नीट पकडला जात नाही. मायक्रो-२ या दुसऱ्या आकाराचे पाय जवळजवळ असतात, तो बसणारच नाही. मागवताना ‘लो-प्रोफाइल मिनी’ ही तीन पदं पाहूनच मागवायचं, किंवा गाडीचा फ्यूज खिशात घालून दुकानात जायचं.

शनिवार, ११ मे

सामान आलं: लो-प्रोफाइल मिनी टॅप १ (एक जादा घेतला), २ अँपिअरचे फ्यूज ५, आरजे-११ टोकाची ३ मीटर हार्डवायर कॉर्ड १, एम-६ च्या बोल्टला बसणारे रिंग लग २, लाल बट कनेक्टर (दोन वायरी टोकाला टोक जोडायच्या नळ्या) ४ (२२ ते १८ गेजचे), हीट श्रिंक नळी, टेसाची फ्लीस टेप १ रीळ, १० सेंटिमीटरचे केबल टाय २५, ए-पिलरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या) नव्या क्लिपा २, प्लास्टिकच्या पट्ट्या (ट्रिम काढायच्या), आणि आरशाच्या दांड्यावर बसणारा माउंट.

काळी पीव्हीसी टेप मुद्दाम घेतली नाही. उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद वितळतो, वर्षभरात चिकट लगदा होतो आणि टेप सुटून लोंबते. फ्लीस टेप उष्णता सोसते आणि प्लास्टिकवर वायर आपटल्याचा खडखडाटही होऊ देत नाही.

फ्यूज २ अँपिअरचाच का? डिटेक्टर टेबलावर १२ व्होल्टवर लावून मोजला: शांत असताना सुमारे ०.३ अँपिअर, आवाज आणि पडदा पूर्ण चढवल्यावर ०.४ च्या आसपास. १० अँपिअरचा फ्यूज टाकला तरी डिटेक्टर चालेल, पण फ्यूज असतो वायर वाचवायला. २२ गेजची बारीक वायर पिलरमध्ये कुठे चिरडली, तर १० अँपिअरचा फ्यूज उडण्याआधी तिचं प्लास्टिक तापून वितळू शकतं, आणि ती वायर छताच्या अस्तराला लागून असते.

व्होल्टेजची घट: २२ गेजला मीटरमागे साधारण ०.०५३ ओम. जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.३२ ओम. ०.४ अँपिअरला ०.१३ व्होल्ट. नगण्य.

आता आरजे-११ बद्दल, कारण या कामात डिटेक्टर जळतो तो बहुधा इथेच. कॉर्ड लांब पडली की लोक घरातली टेलिफोनची चपटी वायर कापून जोडतात. टेलिफोनची वायर दोन्ही टोकांना उलटसुलट क्रिंप केलेली (दाबून बसवलेली) असते. एका टोकाला जी पिन डावीकडची, ती दुसऱ्या टोकाला उजवीकडची. टेलिफोनला त्याने फरक पडत नाही. डिटेक्टरला धन-ऋण उलट मिळतं. दुसरी गोष्ट: सगळ्या कंपन्यांचा जॅक दिसायला सारखा असला तरी आतल्या तारांची वाटणी सारखी नाही. व्हॅलेंटाइन वन या डिटेक्टरच्या जॅकमधून विजेबरोबर डेटाही जातो. काही कंपन्यांच्या कॉर्डमध्ये म्यूटच्या बटणासाठी निराळी तार असते. म्हणून कॉर्ड त्याच कंपनीची घ्यायची.

तरीही तपासायचं. डिटेक्टरबरोबर आलेली लायटरची कॉर्ड गाडीत लावून तिच्या प्लगच्या पिनांवर मल्टिमीटर धरला, कोणत्या पिनेवर धन आणि कोणत्यावर ऋण ते चित्र काढून ठेवलं. नवी हार्डवायर कॉर्ड टेबलावरच्या १२ व्होल्टवर लावून तेच मोजलं. जुळलं. प्लगची चिमटी खाली ठेवून, सोनेरी पत्रे आपल्याकडे करून पाहायचं. दोन्ही वेळा प्लग तसाच धरला नाही तर चित्र आपोआप उलटतं आणि बरोबर कॉर्ड चूक वाटते.

रविवार, १२ मे

बॅटरीचा उणे टर्मिनल १० च्या पान्याने काढला, बाजूला कापडात गुंडाळला. पिलरला हात लावण्याआधी किमान ९० सेकंद थांबायचं, एअरबॅगच्या कपॅसिटरमधली वीज उतरायला. रेडिओची स्टेशनं जाऊ नयेत म्हणून लायटरमध्ये ९ व्होल्टची बॅटरी लावून ठेवायची युक्ती सांगतात. ती इथे वापरायची नाही. वीज उतरावी म्हणून टर्मिनल काढायचा आणि मागच्या दाराने वीज द्यायची, याला अर्थ नाही. घड्याळ, स्टेशनं आणि काचेचं एका दाबात वर जाणं नंतर पुन्हा लावून घ्यावं लागेल, एवढंच.

टॅप बसवणं. टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात: पायांजवळच्या खाचेत गाडीचा जुना १५ चा, वरच्या खाचेत आपला २ चा. टॅपचा एक पाय दोन्ही खाचांना सामाईक असतो. तो पाय विजेकडच्या पत्र्यात गेला पाहिजे (५ तारखेची नोंद: वरचा). मग वीज आत येऊन दोन वाटांना फुटते आणि प्रत्येक वाटेला स्वतःचा फ्यूज मिळतो. उलटा बसवला तरी डिटेक्टर चालतो, म्हणून चूक कळत नाही. पण तेव्हा डिटेक्टरचा करंटही १५ च्या फ्यूजमधूनच जातो आणि आउटलेटचा फ्यूज उडाला की दोन्ही बंद.

ओळखायची युक्ती: टॅप बसवून १५ चा फ्यूज काढून घ्यायचा आणि चावी ऑन करायची. टॅपच्या वायरीवर १२ व्होल्ट मिळाले तर दिशा बरोबर. ० आले तर टॅप काढून फिरवून बसवायचा. ही चाचणी बॅटरी पुन्हा जोडल्यावर करायची, यादीत लिहून ठेवली.

टॅपची वायर आणि कॉर्डची लाल वायर बट कनेक्टरने जोडली. ८ मिलिमीटर सोललं, क्रिंप केलं, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. नुसत्या चिमट्याने दाबलेला जोड दिसायला घट्ट असतो आणि हाताने ओढला की निघतो, क्रिंपरच हवा. डाग देऊन (सोल्डरने) जोडलेली वायर डागाच्या कडेला ताठ होते आणि सततच्या थरथराटाने तिथेच तुटते, म्हणून गाडीत क्रिंप.

अर्थ: डाव्या पायाच्या बाजूचं प्लास्टिकचं पॅनेल काढल्यावर समोर एक १० च्या डोक्याचा बोल्ट दिसला, एका ब्रॅकेटचा. रिंग लग त्याच्याखाली घट्ट केला. (या बोल्टने पुढे घोळ घातला. १९ तारीख पाहावी.)

शनिवार, १८ मे

बॅटरी पुन्हा काढली, ९० सेकंद. आज वायर ओढायची.

वायर वरून खाली न्यायची, खालून वर नाही. आरजे-११ चं टोक आरशापाशी जिथे हवं तिथे आधी ठरवलं, टेपने तात्पुरतं चिकटवलं, मग उरलेली वायर छतातून, पिलरमधून फ्यूज बॉक्सकडे उतरवली. असं केलं की जादा वायर खाली साठते, जिथे तिला लपायला जागा आहे. उलट केलं तर आरशापाशी गुंता होतो आणि छताच्या अस्तराला फुगवटा येतो.

छत: अस्तर आणि काच यांच्यामधल्या फटीत प्लास्टिकच्या पट्टीने वायर आत सरकवली. अस्तर ओढून वाकवायचं नाही, घडी पडली की ती कायमची. बोटाने कड जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली धरायची आणि पट्टीने वायर मागे ढकलायची. दर वीतभर अंतरावर फ्लीस टेपचा छोटा तुकडा.

ए-पिलर: आधी दाराचं रबर बीडिंग वरच्या कोपऱ्यात सोडवलं. पिलरचं प्लास्टिक वरच्या टोकापासून आपल्याकडे ओढलं. क्लिप पूर्ण सुटत नाही. एअरबॅग फुटताना प्लास्टिक अंगावर उडू नये म्हणून तिला एक दोरीसारखी शेपटी असते. ती पक्कडीने पाव वळसा फिरवून सोडवायची. जोर लावून ओढलं तर क्लिप तुटते. तुटली नाही तरी बदललेली बरी: ती एअरबॅगच्या झटक्यासाठी बनलेली असते आणि एकदा ताणल्यावर तिचा भरवसा उरत नाही. म्हणून दोन नव्या.

आत पडद्यासारखी उघडणाऱ्या एअरबॅगची गुंडाळी दिसते. पिलरमधलं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं. एअरबॅग प्लास्टिक ढकलून आत येते. तिच्या आणि प्लास्टिकच्या मधे वायर असेल तर ती वाटेत येते, किंवा वायरीचा फटका बसतो. वायर एअरबॅगच्या मागून, पिलरच्या पत्र्याच्या बाजूने न्यायची, आणि तिथे आधीपासून असलेल्या कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) केबल टायने बांधायची. एअरबॅगला कधीही टाय मारायचा नाही, पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. ५ टाय लागले, शेपट्या कापून टोकं पत्र्याकडे वळवली.

दाराच्या बीडिंगमधून वायर खाली नेणं हा झटपट मार्ग दहा मिनिटांचा आहे आणि पुष्कळ ठिकाणी तोच दाखवतात. तो मार्ग वरच्या कोपऱ्यात वायर एअरबॅगच्या पुढून नेतो. आपल्याला नको.

मोजमाप: आरशापासून पिलरपर्यंत ६५ सेंटिमीटर, पिलर ९०, खाली फ्यूज बॉक्सपर्यंत ५०. उरली साधारण ८० सेंटिमीटर. गोल वेटोळं न करता लांबट घडी घालून, फ्लीसमध्ये गुंडाळून, फ्यूज बॉक्सच्या मागच्या हार्नेसला बांधली. पेडलच्या दांड्यांपासून दूर आहे का ते ब्रेक आणि पार्किंग ब्रेक पूर्ण दाबून पाहिलं. ही घडी सुटून पेडलखाली आली तर बाकी सगळी सफाई व्यर्थ.

आरशापाशी अस्तरातून बाहेर पडणारी वायर १२ सेंटिमीटर. ती आरशाच्या दांड्यामागे, चालकाच्या नजरेआड. बाहेरून पाहिलं तर काचेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात मिसळून जाते.

रविवार, १९ मे

बॅटरी जोडली. १५ चा फ्यूज काढून टॅपची चाचणी: १२.३. दिशा बरोबर. जुना फ्यूज परत. डिटेक्टर लावण्याआधी प्लगच्या पिनांवर धन-ऋण पुन्हा मोजलं, चित्राशी ताडलं, मग लावला. चालू.

पाच मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला. दार आपटलं की तेच.

संशय आधी टॅपवर जातो. टॅप हलवून पाहिला, काही नाही. प्लग हलवून पाहिला, काही नाही. मग अर्थच्या वाटेतली व्होल्टेजची घट मोजली: डिटेक्टर चालू ठेवून, एक प्रोब रिंग लगवर, दुसरा लांब वायरने थेट बॅटरीच्या उणेवर. इथे ५० मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. आले ९०० मिलिव्होल्ट, आणि ब्रॅकेट हाताने दाबल्यावर आकडा नाचत होता.

कारण: तो बोल्ट ब्रॅकेटचा होता, बॉडीचा नाही. ब्रॅकेट रंगवलेल्या पत्र्यावर बसलेला, मधे रंगाचा थर, वीज बोल्टच्या आट्यांतून कशीबशी जात होती. बंद गाडीत ओम मोजले तेव्हा ०.३ आले होते आणि बरोबर वाटलं होतं. ओम मोजताना मल्टिमीटर अगदी थोडा करंट सोडतो, आणि तो गाडी उभी असताना; खराब जोड तेवढा सहज पार होतो. खरी परीक्षा घट मोजण्यात, उपकरण चालू ठेवून.

त्याच भागात अर्धा हात खाली कंपनीचा स्वतःचा अर्थ बोल्ट आहे. ओळखायची खूण म्हणजे त्याच्याखाली आधीच रिंग लग असलेल्या वायरी येतात. आपला लग त्यांच्या वर ठेवला, खाली नाही, म्हणजे त्यांची पत्र्याशी गाठ तुटत नाही. पुन्हा मोजलं: ८ मिलिव्होल्ट. दार दहा वेळा आपटलं. डिटेक्टर चालूच.

शनिवार, २५ मे

जागेचं बारीक काम. डिटेक्टर रस्त्याशी समतल हवा. नाक वर असेल तर पुढच्या चढापलीकडचं रडार उशिरा कळतं. पुढे वायपर आणि काचेचा काळा ठिपक्यांचा पट्टा येऊ नये, लेझरची भिंग उघडी राहावी. काही गाड्यांच्या उष्णतारोधक काचेत धातूचा थर असतो आणि तो रडार अडवतो. अशा काचेत टोलच्या टॅगसाठी सोडलेली खिडकी शोधावी लागते. कॅमरीत ती अडचण नाही.

आरशाच्या दांड्यावरचा माउंट सक्शन कपापेक्षा बरा. सक्शन कप जुलैच्या दुपारी सुटतो, आणि डिटेक्टर डॅशबोर्डवर आदळतो.

नवी तक्रार: जीपीएसला उपग्रह सापडायला चार-पाच मिनिटं, मधेच निसटतात. आरशाच्या उजवीकडे डॅशकॅम आहे, मधे ४ सेंटिमीटर. डॅशकॅमचा यूएसबी चार्जर १२ चे ५ व्होल्ट करताना गोंगाट सोडतो, आणि जीपीएसचा सिग्नल (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) मुळातच इतका क्षीण की थोडा गोंगाटही पुरतो. डॅशकॅमची वायर काढल्यावर उपग्रह मिनिटाच्या आत सापडले, संशय पक्का. डॅशकॅम २० सेंटिमीटर दूर नेला, त्याच्या वायरीवर कॅमेऱ्यापासून ५ सेंटिमीटरवर फेराइटचा (गोंगाट शोषणारा) चिमटा लावला, वायर त्यातून दोन वेढे घेऊन. आता सव्वा मिनिट. दोघांना एकाच टॅपवर लावलं नव्हतं ते बरं झालं, नाहीतर दोष कोणाचा हे शोधणं अवघड गेलं असतं.

बँडबद्दल (रडारच्या लहरींच्या पट्ट्यांबद्दल) थोडक्यात. के बँडवर (२४ गिगाहर्ट्झच्या आसपास) शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे ब्लाइंड-स्पॉट सेन्सर ओरडतात, ते वायरिंगमुळे नाही. फिल्टर चालू करायचा. केए बँडवर ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीन जागी खरी पोलीस गन असण्याची शक्यता जास्त. एक्स बँड (१०.५२५) बरेच जण सरसकट बंद करतात; न्यू जर्सीची जुन्या एक्स गनांसाठी ख्याती आहे, तेव्हा इथे चालू ठेवलेला बरा, दुकानांच्या आपोआप उघडणाऱ्या दारांनी तो वाजला तरी.

हाच डिटेक्टर सामानात घालून पुण्याला पाठवण्यात मात्र फारसा अर्थ नाही. तिकडच्या इंटरसेप्टर गाड्यांवर लेझर गन असतात. लेझर अर्ध्या सेकंदाच्या आत वेग मोजतं. इशारा वाजतो तोवर आकडा पडलेला असतो.

शनिवार, ८ जून

बंद गाडीतला करंट मोजला. उणे टर्मिनल आणि बॅटरी यांच्यामधे मल्टिमीटर, १० अँपिअरच्या खाचेत. दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद केलं, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं. ४० मिनिटं थांबलो. सगळे कंट्रोलर झोपायच्या आधीचा आकडा निरुपयोगी. १८ मिलिअँपिअर. टॅप काढून: १८. म्हणजे आपल्या जोडातून काहीच झिरपत नाही. मल्टिमीटर मालिकेत असताना चावी फिरवायची नाही, त्याचा फ्यूज उडतो. आणि मोजून झाल्यावर लाल प्रोब लगेच व्होल्टच्या खाचेत परत घालायचा.

काढा-घाल वेळ मोजली: प्लग, माउंटचा खटका, डिक्की. ४० सेकंद. मोकळा प्लग काचेपुढे लोंबू नये म्हणून अस्तराच्या कडेला वेल्क्रोचा तुकडा लावला. प्लगवर वीज असते, म्हणून त्यावर रबराची टोपी. उघड्या पिनांना किल्ली लागली तर २ चा फ्यूज जाईल, बस इतकंच, पण तो बदलायला पुन्हा गुडघ्यावर बसावं लागतं.

हार्डवायर कॉर्डला म्यूटचं बटण नाही. डिटेक्टरवरचं बटण चालकाच्या हाताला पुरतं, सीट मागे असताना जरा वाकावं लागतं. दूर बसवायचं बटण मिळतं, त्याला स्टीअरिंगच्या खालपर्यंत आणखी एक वायर लागते. तूर्त नको.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत कागद चिकटवला: ‘आउटलेट १५ अँ. + टॅप, वरचा फ्यूज २ अँ. डिटेक्टर. सामाईक पाय वर. अर्थ डाव्या पॅनेलमागे, कंपनीचा बोल्ट.’ शेजारी टेपने दोन जादा २ चे फ्यूज.